घट

पोस्टातला काटा पाच ग्रॅमच्या खाली बोलत नाही.
पार्सलांना तेवढं पुरतं.
म्हणून शनिवारी खिडकी बंद केल्यावर
अकरा पाकिटं पिशवीत घालून
मी सर्जेरावांच्या गलाईवर गेले.
विट्यात हे एक बरं,
गुंजभराची कदर असलेला माणूस
दर गल्लीत सापडतो.

काचेच्या पेटीतला काटा त्यांनी पुसून दिला.
"सोनं कुठाय?"
मी राजमा-भात ठेवला.
एकशे तेवीस पूर्णांक चार.

मग सगळं सांगावं लागलं.
सहा दिवस, अडीचशे किलोमीटर, वाळू.
पाणी तेवढं ते देणार.
जेवण, अंथरूण, फोडांवरच्या पट्ट्या
आपल्या, आपल्याच पाठीवर.
दिवसाला दोन हजार कॅलरी मोजून दाखवल्याशिवाय
सुरुवातीच्या रेघेवर उभंच करत नाहीत.
म्हणून हे असलं :
शिजलेलं अन्न गोठवायचं
आणि बर्फाचं पाणी होऊ न देताच
त्याची वाफ करून घालवायची.
उरतं ते वाळल्या शेंगेसारखं खुळखुळतं.

"म्हंजे तासगावचा बेदाणाच की."

नाही हो.
बेदाणा सावलीत सुकतो, सावकाश,
पोटात थोडा ओलावा लपवून ठेवतो.
ह्यात काहीच नाही.

"काहीच न्हाई?"
त्यांनी पाकीट कानाशी नेऊन हलवलं.

तीन आठवडे रोज एक चाखत आले आहे.
रेणावीच्या घाटात, भर अकराच्या उन्हात,
पाकिटात गार पाणी ओतून, पिशवीला बाहेरून बांधून
पळायचं तासभर.
(स्टोव्ह नेणार नाही. स्टोव्ह म्हणजे एक अख्खं जेवण.)
पुलावातले वाटाणे छर्रेच राहिले.
पास्ता म्हणजे पावसात विसरलेलं पोस्टकार्ड.
खिचडीने तेवढी गार पाण्यातही ओळख दाखवली.
आणि शेवयांची खीर,
जी पहिल्या दिवशी पाकीट फाडून चाटली होती,
ती अठ्ठाविसाव्या किलोमीटरला
बाभळीखाली सगळी बाहेर आली.
तेव्हा कळलं, पहिल्या दिवसाची जीभ
आणि चौथ्या दिवसाची जीभ
एका घरात नांदणाऱ्या जावा आहेत.
एकीने वाढलेलं दुसरी ताटाबाहेर सारते.

केतकीने तक्ता केलाय कॉम्प्युटरवर,
ग्रॅमला किती कॅलरी, रुपयाला किती.
तक्त्यात पास्ता पहिला आला.
चौथ्या रात्रीचा रकाना तिने ठेवलाच नव्हता.

पास्ता बाजूला काढला.
खिचडी चार. राजमा दोन. पोहे तीन, सकाळचे.
एक पुलाव राहू दिला, हट्टाने,
वाटाणे चावताना जागं राहता येतं.
खीर हातात धरून बसले बराच वेळ.

सर्जेराव मधे बोलले नाहीत.
प्रत्येक पाकिटानंतर पारड्यावरून
बारीक कुंचा फिरवत होते,
पन्नास वर्षांच्या सवयीने.
पाकिटांच्या कडा मी कात्रीने उतरवल्या :
सहा पूर्णांक दोन.
तेही कातरण त्यांनी झाडून एका कागदात बांधलं.
कशाला, ते विचारलं नाही.

"जाताना किती?"
सात किलो दोनशे, पिशवीसकट.
"आणि येताना?"
पाकिटं रिकामी. माझेही जातील दोन-तीन किलो.
"कुठं जातात?"
मला सांगता येईना.
त्यांनाही नसेल येत.
भट्टीत तोळाभर टाकलं की थोडं कमीच निघतं,
गिऱ्हाईक भांडतं, ते हिशेबात आधीच धरलेलं असतं.

त्यांनी पावतीपुस्तक ओढलं.
नाव. माल : जेवण, दहा नग.
वजन लिहिलं, दशांश चिन्हासकट.
पुढे "घट" छापलेलं होतं,
तिथे पेन टेकवून थांबले
आणि रकाना तसाच सोडून दिला.
"आल्यावर भरू."

खीर त्यांच्या टेबलावरच राहिली.
नातवाला आवडेल म्हणाले.
पावती दुमडून पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवली.
तिचं वजन मात्र केलं नाही.